शेपट्या उन्हात राहिल्या त्या दिवशी

सुशी, आधी माझा वेडेपणा सांगून टाकते, मग रडायचं ते रडते. बेडकाच्या पिल्लांच्या कापलेल्या शेपट्या काचेवर मांडून ठेवून मी पाहुण्यांना पोहे द्यायला आत गेले होते. परत आले तेव्हा सावली सरकली होती आणि काच उन्हात आली होती. मी चिमट्याने एकेक शेपटी उचलली, औषधाच्या बाटलीत टाकली, बूच लावलं, आणि तू जलेबीचा पुडा घेऊन अंगणात आलीस तशी वर तोंड करून म्हणाले, "झालं गं सगळं."

त्या एका बाटलीपायी तुझी मुंबईच्या संशोधन संस्थेतली जागा गेली. आणि तिथले आपले सर शेवटपर्यंत हेच धरून राहिले की हलगर्जीपणा तुझ्या हातून झाला.

तुला यातलं नवीन काहीच नाही. पण हे बाकीचेही वाचतील, त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. तू मध्ये मध्ये "पाल्हाळ पुरे" म्हणायचीस, ते आता म्हणणार नाहीस. त्याचा गैरफायदा घेते.

तू बुऱ्हाणपूर शहरातली, शनवाऱ्यातली. मी खकनारच्या मास्तरांची मुलगी, कॉलेजसाठी शहरात मावशीकडे राहिलेली. आपण शिकत होतो तेव्हा आपला मुलूख हिंदी राज्यात जाऊन फार वर्षं झाली नव्हती. शाळेत मराठी हळूहळू एका तासापुरती उरली होती. तुझे वडील अर्ज हिंदीत लिहायचे आणि त्या अर्जाचं उत्तर आलं नाही की शिव्या मराठीत द्यायचे. पुढे आपण दोघी एकाच वर्षी मुंबईच्या संस्थेत संशोधनाला लागलो, तेव्हा तिथल्या एका मुलीने विचारलं, तुमची मराठी अशी हिंदीसारखी का? मी लाजून वही चाळायला लागले. तू म्हणालीस, "आमच्याकडं दोन्ही आहेत. तुमच्याकडं एकच आहे, जपून वापरा."

सरांना तेव्हा एका गोष्टीने झपाटलं होतं. शरीरातल्या काही पेशी नेमल्या वेळी आपण होऊन मरतात. बेडकाच्या पिल्लाला पाय फुटले की शेपटी गळते ती अशीच. पण ऊतकात ते मरण ओळखायचं कसं? साध्या सूक्ष्मदर्शकात नुसता काळा ठिपका दिसतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मात्र पेशी कशी गेली ते दिसतं. वेळ झाली म्हणून जाणारी पेशी आक्रसते, तिचं पांघरूण फाटत नाही, केंद्रकातलं द्रव्य कडेला चंद्रकोरीसारखं गोळा होतं. मग तिची लहान लहान गाठोडी होतात आणि आजूबाजूच्या पेशी ती गिळून टाकतात. सूज नाही, बोंब नाही. मारली गेलेली पेशी फुगते, फाटते, आतलं सगळं बाहेर सांडतं. आणि कापून नुसतं ठेवून दिलेलं ऊतकही असंच फुगतं, फाटतं. म्हणून कापल्या क्षणी औषधात बुडवायचं, म्हणजे जी पेशी जशी असेल तशी थबकते. हा आमच्या कामाचा पहिला धडा. यात नापास होणारा माणूस शोधून सापडला नसता. सरांच्या नशिबाने तो त्यांच्याकडेच शिकत होता.

संस्थेतल्या टाकीत पिल्लं जगेनात. पाणी बदललं तरी दोन दिवसांत पोट वर करून तरंगायची. तू सरांना म्हणालीस, "सर, आमच्या गावात माणसांपेक्षा बेडूक जास्त आहेत. आम्ही तिथंच करून आणतो." सर हसले आणि त्यांनी औषधाच्या बाटल्या, चिमटे, पाती सगळं बांधून दिलं. मला वाटतं, तुझ्यावर त्यांनी तेवढा भरवसा टाकला नसता तर तो इतका वाईट रीतीने मोडलाही नसता.

श्रावण होता. तापीकाठच्या डबक्यांतून आपण पिल्लं आणली, तुमच्या मागच्या अंगणातल्या घंगाळात ठेवली. तुझी आई दारात उभी राहिली.

"श्रावणात माझ्या अंगणात जीव मारून राहिल्या का तुम्ही?"

"आई, जीव नाही, नुसती शेपटी. ती तशीही गळणारच होती."

"गळणार होती तर गळू द्यायची ना बाप्पा. घाई कोणाला झाली?"

"सरांना," तू म्हणालीस.

काकू हसल्या नाहीत, पण गेल्या. जाता जाता मला नीट न्याहाळून गेल्या, हे माझ्या लक्षात आलं नाही. कुठलं येणार? माझं लक्ष स्वतःच्या शहाणपणात होतं. "ती तशीही गळणारच होती" हे तुझं वाक्य मी मनात घोळवत होते, आणि त्यातून मी माझा एक महान सिद्धांत काढला: जी मरायलाच निघाली आहे तिची काय एवढी घाई?

तू एक शेपटी कापायचीस, तिचे कण करायचीस, लगेच बाटलीत. मग दुसरी. "कापलं की टाक. हातात ठेवायचं नाही," तू मला बजावलंस. तेवढ्यात काकूंनी तुला मावा जलेबी आणायला पिटाळलं. तू गेलीस आणि मी कारखाना काढला. आधी सगळ्या शेपट्या कापून रांगेत मांडायच्या, मग सगळ्यांचे कण, मग सगळे एकदम बाटलीत. वेळ वाचतो. मला फार हुशार वाटलं. रांग नुकतीच मांडून झाली होती आणि काकू आल्या. "इंदू, हात धू. ती पोपटी साडी नेस. तुझे वडील आलेत खकनारहून, अन् आमचा अण्णाही आला नेपानगरहून. तेवढे पोहे दे जरा पाहुण्यांना."

पाहुणे कोण, ते मला बाहेरच्या खोलीत गेल्यावर कळलं. मुलाच्या घरी मुलगी दाखवण्याचा असा उलटा कार्यक्रम आपल्या गावात दुसरा झाला नसेल. अण्णा, म्हणजे तुझा थोरला भाऊ, मान खाली घालून पोह्यातले शेंगदाणे वेगळे काढत होता. मी उठून आत जाऊ शकले असते. "माझं काम अर्धं आहे" एवढं म्हटलं असतं तर वडील रागावले असते, काकूंनी डोळे वटारले असते, संपलं असतं. पण मला विचारलं, "मुंबईत काय करते?" आणि मी बोलत सुटले. पेशी, शेपटी, मरण, इलेक्ट्रॉनचा सूक्ष्मदर्शक. लग्नाच्या बोलण्यात मरणाचा विषय काढणारी पहिलीच मुलगी असेन. पोपटी साडीतली ती पोपटीण मला आजही डोळ्यांसमोर दिसते आणि वाटतं, हिला कुणीतरी मिरची द्या आणि गप्प बसवा.

आणि मागे अंगणात शेपट्या वाळत होत्या.

मुंबईला परतल्यावर पुढचं सगळं तुझ्या हातातून गेलं. शेपट्यांचे तुकडे राळेत बसवून केलेले ठोकळे, काचेच्या पट्ट्या मोडून केलेल्या सुऱ्या, पाण्यावर तरंगणारे काप. कापाचा रंग बघून तू सांगायचीस, हा चंदेरी आहे, घ्या. तो सोनेरी, जाड झाला, सोडा. मला सगळेच चमकणारे दिसायचे. तांब्याच्या टिकलीएवढ्या जाळीवर तू काप असा उचलायचीस की बघणाऱ्याचा श्वास थांबावा. त्या हाताला सरांनी पुढे काय नाव दिलं, त्याकडे येतेच.

अंधाऱ्या खोलीत हिरवट पडद्यावर आपण पहिला काप पाहिला. सगळीकडे फुगलेलं, फाटलेलं. चंद्रकोर कुठेच नाही. तू जाळी सरकवत राहिलीस. फार वेळाने म्हणालीस, "इंदू, ह्या मेल्या नाहीत गं. ह्या कुजल्या आहेत."

मी काय म्हणाले, आठवतं? "कशावरून? गरम मुलुखातल्या बेडकांत हे मरण वेगळं दिसत असेल." गरम मुलुखातलं मरण. मी त्यावर पानभर टिपण केलं आणि सरांसमोर वाचलंही. सरांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, हा त्यांचा मोठेपणा. मग फोटो टेबलावर पसरले, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "इंदुमती, कापणं आणि औषधात टाकणं, यांत किती वेळ गेला?"

तू माझ्या शेजारी उभी होतीस.

मी म्हणाले, "आम्ही दोघी मिळून करत होतो, सर."

त्यांनी वेळ विचारली होती, मी माणसं सांगितली. खोटंही बोलले नाही बघ, केवढी हुशारी. सरांनी मान हलवली आणि तुला म्हणाले, अगदी मऊ आवाजात, "तुमच्या घरी होतं ना हे? घर आणि काम वेगळं ठेवायला हवं होतं. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." तू "हो सर" म्हणालीस. फोटो गोळा करून पाकिटात भरलेस. कडा जुळवून, एकही न दुमडता.

तुझी शिष्यवृत्ती त्या वर्षी संपत होती, ती वाढली नाही. माझी चालू होती. पुढच्या श्रावणात सरांनी मला परत पाठवलं, आणि तेव्हा मी तुझ्या पद्धतीने केलं, एक कापायची, एक बुडवायची. चंद्रकोरी दिसल्या. इतक्या स्वच्छ की सरांनी खोलीचा दिवा लावायला लावून माझ्याशी हस्तांदोलन केलं. तू तोवर बुऱ्हाणपूरला मुलींच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवत होतीस.

मग मी तुमच्याच घरात लग्न होऊन आले. काकूंच्या सासूबाई झाल्या, अण्णाचे "अहो" झाले, आणि काकूंनी फर्मान काढलं की सुशीला आता नावाने हाक मारायची नाही, "वन्सं" म्हणायचं. मी चारचौघांत पदर डोक्यावर ओढून "वन्सं, चहा घ्या ना" म्हणायचे आणि तू टेबलाखालून माझ्या पायावर पाय द्यायचीस. एवढ्या गोष्टीत आपण हसत राहिलो म्हणून मला वाटत गेलं, तुला त्याचं काही राहिलेलं नाही.

मला कॉलेजात नोकरी लागली. अण्णाने हौसेने दारावर पाटी लावली, माझ्या नावामागे "डॉ." त्या पाटीखालून तू रोज शाळेला जायचीस. कुणी तापलेलं पोर कडेवर घेऊन यायचं, दार वाजवायचं, तूच उघडायचीस. "ही ती डॉक्टर नाही बाई, ही बेडकांची डॉक्टर. पोराला शेपटी असली तर आणा." पोराची आई हसत परत जायची. मी आतून ऐकायचे. ती पाटी काढायला मला काय झालं होतं? चार खिळे तर होते.

आणि माझी मुलगी तू वाढवलीस, हे कुठे लिहू? मी कॉलेजात, परीक्षांना, कधी मुंबईला. तिच्या वेण्या तू घातल्यास, तिचा अभ्यास तू घेतलास. ती मला "आई" म्हणते आणि काही दुखलं-खुपलं की "आत्या" म्हणत धावते. म्हणायची. मी तुझे आभार कधी मानले नाहीत. घरातल्या माणसाचे कसले आभार, असं म्हणून ती सोय आपण सगळेच करून घेतो.

आपलं एक भांडण अर्धं राहिलं. मी म्हणायचे, मरण ते मरण, पेशीचं काय आणि माणसाचं काय. तू म्हणायचीस, "नाही. ती मरत नाही, ती आवरते. आपलं सामान बांधते, शेजारणींच्या हवाली करते, दार लावून घेते. कोणाला त्रास नाही." मी म्हणायचे, हे तू आठवीच्या पोरींना सांगतेस, म्हणून त्या परीक्षेत भलतंच लिहितात. तू म्हणायचीस, "भलतं लिहितात पण विसरत नाहीत. तुझ्या बी.एस्सी.वाल्यांना विचार काय आठवतं ते." त्या उत्तरावर मी एक तोड काढून ठेवली होती. आता ती कुणाला ऐकवू?

आता जे सगळ्यात वाईट आहे ते. शेपट्यांचा मूर्खपणा होता, वय कोवळं होतं, म्हणून सोडून देता येईल. सरांच्या निरोप समारंभाला मी गेले होते तेव्हा मी पोक्त बाई होते. गाडीत बसल्यापासून ठरवलं होतं, आज सांगायचं. गर्दी ओसरल्यावर त्यांच्याजवळ गेले. सरांनीच विषय काढला. "तुमची ती मैत्रीण काय करते? हुशार होती फार. हात जरा घाईचा होता."

मी म्हणाले, "बरी आहे, सर. शाळेत आहे."

घरी आले. तू जेवण झाकून बसली होतीस. विचारलंस, "सर काय म्हणाले? माझं काही विचारलं का?"

मी म्हणाले, "विचारलं तर. हुशार होती फार, म्हणाले."

तुझा चेहरा असा उजळला, सुशी. तू मला तूप वाढलंस.

गेल्या वर्षी, तुझं चालणं खोलीपुरतं राहिलं तेव्हा, एका दुपारी मी धीर केला. तू खिडकीशी बसून वालाच्या शेंगा सोलत होतीस. मी म्हणाले, "सुशी, त्या शेपट्यांचं..."

तू वर न बघता म्हणालीस, "माहिताय मला. बाटलीत बघितल्या तेव्हाच कळलं. ताज्या कापलेल्या अशा कडेनं मुडपत नाहीत."

"मग सरांसमोर बोलली का नाहीस?"

"सरांनी तुला विचारलं होतं. मला विचारलं नव्हतं."

मी पुढ्यातली एक शेंग उचलून सोलायला घेतली. तू म्हणालीस, "निरोप समारंभात सर अजून काय म्हणाले होते? तेव्हा तू अर्धंच सांगितलं."

मग मी सांगितलं. हात घाईचा होता, म्हणाले. तू शेंगा सोलायची थांबलीस. रागावली असतीस तर मला बरं वाटलं असतं. तू म्हणालीस, "मला वाटायचं, आज नाही तर उद्या तू त्यांना सांगशील. ते वारल्याचं कळलं, त्या दिवसापासून मी वाट बघणं सोडलं." आणि पुढे, जसं काही ते त्याच वाक्यात होतं, "गॅस बंद कर, दूध उतू जाईल."

मी दूध बघायला गेले. परत आले तेव्हा तू डोळे मिटले होतेस. त्यानंतर हा विषय आपल्यात निघाला नाही. मी माफी मागायची राहिली, कारण मला कळत नव्हतं, कशाची मागू. माझी माफी तुला नकोच होती. तुला एका माणसाने आपलं मत बदलायला हवं होतं, आणि ते मत बदलणं फक्त माझ्या हातात होतं, आणि मी त्या दोघांच्या मध्ये उभी राहून एकीला अर्धं वाक्य आणि दुसऱ्याला "बरी आहे" सांगत राहिले.

तू गेलीस त्या सकाळी मी तुझे हात धुतले. बोटांवर खडूच्या जुन्या भेगा होत्या. घाईचं त्यात काही नव्हतं.

परवा शाळेने शोकसभा ठेवली. माझं नाव शेवटी होतं. सगळ्यांनी तुझ्या शिस्तीचं, प्रेमळपणाचं सांगितलं. मी उठले आणि कधी नव्हे ते सरळ बोलले. शेपट्या, ऊन, पोहे, सरांचा प्रश्न, माझं उत्तर, सगळं. म्हटलं, सुशीलाबाईंचा हात आमच्या संस्थेतला सगळ्यात नेमका हात होता, चूक माझी होती आणि शिक्षा त्यांनी भोगली. मग मुख्याध्यापक उठले आणि म्हणाले, एवढ्या विद्वान असून नणंदेसाठी सगळा दोष स्वतःवर घेणं, हा डॉक्टर मॅडमचा विनय आहे. आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत, सुशी. मी हात वर करून "अहो, नाही" म्हणत होते आणि ते आणखी वाजवत होते. तू असतीस तर पदर तोंडात धरून बाहेर पळाली असतीस.

खाली उतरले तर जिन्यापाशी तुमच्या महाजनबाई उभ्या होत्या, तुझ्याच शाळेत इतकी वर्षं मराठी शिकवणाऱ्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, मी बघितलं होतं. त्यांनी माझा हात धरून मला पायरी उतरवली आणि म्हणाल्या, "वहिनी, बोलल्या ते बरं केलं. पण ज्यांना सांगायचं होतं त्यांना सोडून तुम्ही आम्हाला सांगून राहिल्या, अन् आम्हाला त्यातलं काही समजलंच नाही. चला, चहा थंडा होऊन राहिला."